जिन्यावरचा लाल पंचा

दाजींच्या घरात ईमेलचं खातं एक आणि संगणक दोन. एक खाली, दाजींचा. दुसरा वरच्या मजल्यावर, सून दिपिकाचा.

पनवेलात येऊन त्यांना सात वर्षं झाली. मूळ गाव तळपाडा विमानतळाच्या जागेत गेलं आणि माणसं पांगली, कोणी उलव्याला, कोणी द्रोणागिरीकडे. शनिवारी देवीच्या निमित्तानं सगळे जमणार होते. तेव्हा भिंतीएवढा गावाचा नकाशा लावायचा आणि प्रत्येक घराच्या चौकोनात त्या घराचा फोटो चिकटवायचा, असं दाजी भर बैठकीत छातीवर हात मारून बोलून बसले होते. फोटो ईमेलनं येत. दाजींच्या स्वतःच्या घराचा मात्र एकही फोटो नव्हता. गेल्या आठवड्यात उलव्याच्या कृष्णकांतनं आपल्या वरातीचा पाठवला, आणि घोड्याच्या मागे चक्क दाजींचा ओटा! ओट्यावर आई सुपात तांदूळ निवडत बसलेली. दाजी रोज सकाळी चहाआधी तो फोटो उघडून बघायचे. छापायचं काम सगळ्या फोटोंचं एकदमच, शुक्रवारी.

फुकटच्या खात्यात जागा कमी. म्हणून मुलगा मितेशनं अशी सोय केली, की पत्र आलं की खालच्या संगणकातल्या एका फाइलीत उतरायचं आणि खात्यातलं पुसलं जायचं. वरून दिपिका वायफायनं तीच फाइल उघडून फोटो घरांप्रमाणे लावायची.

"एकच सांभाळा बाबा, दोघांनी एकदम उघडायची नाही. फाइल बिघडेल."

"मला नको शिकवू! उघाडी काय असते म्हायती हाय तुला?"

मितेशला काय माहीत असणार? मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायची ती फळी, दोन घरांत एकच. ज्याची पाळी त्यानं खुंटाला लाल फडकं बांधायचं. फडकं दिसलं की दुसऱ्यानं फळीला हात लावायचा नाही. दाजींचा चुलता बुधाजी एकदा फडकं बांधून जावयाकडे जेवायला गेला, तो दोन दिवस तिथंच रमला. शेजारी शिव्या देत बांधावर बसून राहिला, पण फळीला त्यानं बोट लावलं नाही. असा तो कायदा!

तोच दाजींनी घरी आणला. जिन्याच्या कठड्यावर लाल पंचा दिसला की फाइल खाली उघडी आहे, दिपिकानं थांबायचं. सहा आठवडे बिनबोभाट चाललं.

बुधवारी दाजी एका बोटानं उत्तर टाइप करत होते. पंचा कठड्यावर होता. दाजींच्या बायको वेणूबाई कपडे गोळा करत आल्या, पंच्यावर लोणच्याचा डाग दिसला, आणि पंचा गेला मशीनमध्ये. दिपिकानं वरून डोकावलं, कठडा मोकळा. तिनं फाइल उघडली, वीस फोटो इकडचे तिकडे केले. खाली दाजींच्या पडद्यावर पाटी आली, फाइल खराब झाली आहे.

"दिपिका! वर काय चाललंय?"

"फोटो लावतेय बाबा! पंचा नव्हता ना!"

"नव्हता कसा? मी सोता टाकलाय!"

मोरीतून आवाज आला, "अवो, तो धुवायला टाकलाय मी. किती मळला व्हता!"

संध्याकाळी मितेशनं खटपट केली. हाती लागली ती पंधरा दिवसांपूर्वीची प्रत. त्यानंतरची पत्रं गेली. किती आणि कोणाची, हेही कळेना, कारण ती यादीसुद्धा फाइलीतच. दाजींनी उशी आपटली, चष्मा आपटला, जेवले नाहीत.

"रुसून फोटो येनार हायेत का?" वेणूबाई म्हणाल्या. "दिपिका, तू बघ, मी सांगते. तळ्यापासून चल. पयलं घर सुमतीकाकूंचं. हाय?"

"आहे."

"मग कमलाकरचं."

"नाही!"

अशा त्या अख्खं गाव चालून आल्या, आड, पार, देऊळ करत. दाजी तोंड फिरवून बसलेले, पण मध्येच "अगं, ती गोठ्याची गल्ली राहिली!" म्हणून ओरडले. अकरा घरं रिकामी निघाली. गुरुवारभर फोन. दहा फोटो परत आले. कृष्णकांतचा फोन तेवढा बदललेला. जुना दुकानदाराला देऊन टाकला, फोटो त्यातच, आणि अल्बम वाळवीनं कधीच खाल्लेला.

"दाजी, तुमाला पाठवला म्हनून मी निर्धास्त व्हतो ना!"

यावर दाजींनी फोन ठेवला तो रागानं की कशानं, कोणी विचारलं नाही.

शनिवारी नकाशापुढे ही गर्दी! बाया चौकोनांवर बोटं ठेवून रडल्या, हसल्या. तेवढ्यात सुमतीकाकूंनी काठी एका कोऱ्या चौकोनावर टेकवली.

"दाजी, सगल्यांची घरं हायेत. तुजंच कुटं गेलं रं?"

दाजींनी वेणूबाईंकडे पाहिलं. वेणूबाई पदर चाळवत खाली बघत होत्या.

"धुवायला टाकलंय," दाजी म्हणाले, आणि वेणूबाईंसाठी खुर्ची ओढून आणली.