नवरीनं बंद केलेली शिट्टी

पेट्रोल आणि मोगरा यांचा वास एकत्र आला, की कडावजवळच्या फार्महाऊसच्या तळ्यावरची ती नवरी आठवते. मी तिथं बोट चालवायचो. सनई लावून तिला पलीकडच्या काठावरच्या मांडवात न्यायचं होतं, पण इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची. स्पीकर बदलला, वायरी तपासल्या, तरी तेच. मुंडावळ्या बाजूला सारत नवरी म्हणाली, "काका, जरा रेस द्या." रेस वाढली तशी शिट्टीही चढली. "मग स्पीकर चांगला हाय, शिट्टी इंजिनाकडून वायरीतून येतीय. गाण्याचा मोबाईल बोटीच्याच बॅटरीवर चार्जिंगला लावलाय ना? काढा तो." मी चार्जर उपटला आणि नुसती सनई उरली. "आमचं शिळफाट्याला स्पीकर दुरुस्तीचं दुकान हाय," ती हसत म्हणाली. बोट काठाला लागली तेव्हा सगळे तिच्या शालूकडे बघत होते. तिचे वडील मात्र डोळे मिटून सनई ऐकत होते. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि मगच लेकीकडे बघून डोळे पुसले. आजही इंजिन सुरू केलं, की मी आधी डोळे मिटून ऐकतो.