दाराआडचा स्वर

‘अधिकार’ या एका शब्दापुढे मी चाळीस वर्षे मान तुकवून होते. रोह्याला वडिलांनी मला संस्कृत शिकवले, पूजेचे सारे विधी-मंत्र पाठ करवून घेतले. मात्र चौरंगापुढे बसायचे ते भावाने, असा दंडक होता. भावाने पुढे देवच सोडला. मी विवाहानंतर पेणला आले. हे पौरोहित्य करीत. घरच्या पूजेत हे मंत्र म्हणत, तेव्हा मी दाराआडून ओठांतल्या ओठांत म्हणे. एखादा चरण यांच्याकडून सुटला की मला कळे, आणि मी गप्प राही. यालाच मी शरणागती समजत असे.

त्या वर्षी गणेशचतुर्थीच्या पहाटे यांना ताप भरला आणि घसा पार बसला. गावातली घरे इतर गुरुजींनी वाटून घेतली. धरमतर खाडीकाठच्या खारपट्टीतले एक घर तेवढे राहिले. तेथली बाई दहाच्या सुमारास दारात उभी राहिली. हमरापूरच्या एका कारखान्यात ती गणपतीचे डोळे रंगवीत असे. पती हयात नव्हता, मुलगा नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर. पूजेला तीच बसणार होती. मध्यान्ह टळण्यापूर्वी प्राणप्रतिष्ठा व्हावी, एवढेच तिचे मागणे.

“सगलं पेण फिरले काकू, कुनी मोकला नाय. तुमाला येतं ना?”

“येतं गं, पण मला अधिकार नाही.”

“देवाचे डोले मी लिवते. हात हालला तं देव तिरपा बघंल, म्हून श्वास धरून लिवते. मना कुनी इचारलं नाय, अधिकार हाय का म्हून.”

मी आत वळले. हे अंथरुणावरून सारे ऐकत होते. यांना बोलता येत नव्हते. यांनी उशाशी ठेवलेली पूजेची पिशवी माझ्याकडे सरकवली.

तिच्या घरी मूर्ती पाटावर होती, मुखावर रुमाल. ओसरीवर बाया दाटल्या होत्या. मी संकल्प आरंभिला, आणि ध्यानात आले की स्वर फुटतच नाही. इतक्या वर्षांची सवय. मंत्र ओठांतच विरत होता. वाटले, देवच मला अडवतो आहे. तोच ओसरीवरून तिची वृद्ध सासू ओरडली, “मोठ्यान् बोल गो बाय! देवाला आयकू येत आसंल, आमाला नाय येत!”

हशा पिकला. मीही हसले, आणि त्या हसण्याबरोबर कोंडलेला स्वर मोकळा झाला. तो माझा होता असे म्हणण्याचे धाडस मला आजही होत नाही. रुमाल दूर झाला. तुपात बुडवलेली दूर्वा मी तिने रेखलेल्या त्या डोळ्यांना लावली, तेव्हा हात कापला नाही. मध्यान्ह अजून टळली नव्हती.

पुढे मी घरोघर पूजा सांगू लागले आणि गावच्या देवळाच्या उत्सवाचे आचार्यपदही मागितले, तेव्हा विश्वस्तांनी बोलावून घेतले. “घरोघरचं ठीक आहे, वहिनी. उत्सवाचं आचार्यपद मात्र बायकांनी मागू नये.” भावाला हे सांगितले, तर तो म्हणाला, “तुझ्या देवाची माणसं ही अशी!”

“आणि तुमच्या नास्तिकांच्या सभेत व्यासपीठावर बायका किती?”

“तुझी वहिनी चहाचं बघते ना,” असे म्हणून तो स्वतःच ओशाळला.

दरवर्षी उत्सवापूर्वी मी विश्वस्तांकडे अर्ज देते. दरवर्षी नकार येतो. नकार देणे त्यांच्या हाती, मागणे माझ्या. दरम्यान खारपट्टीतल्या त्याच ओसरीवर मी बायकांना पूजाविधी शिकवते.

यंदा खारपट्टीत दुसऱ्या एका घरी डोळे रेखणाऱ्या त्या बाईने स्वतः प्राणप्रतिष्ठा केली. ज्याने मला तिच्या तोंडून बोलावले, त्याला मनोभावे नमस्कार करून मी दाराशी टेकले. मंत्र म्हणता म्हणता तिच्याकडून एक चरण सुटला. मी तो दारातूनच, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असा, मोठ्याने म्हटला. तिने मान न वळवता तो उचलला आणि पुढे म्हणू लागली.