पोटावर गुंफलेले हात

माझ्यावर उपकार केले ते हमीदाखालाने. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला ती दुष्ट वाटेल. मलाही वाटली होती.

पांढरकवड्याला ट्रकच्या गॅरेजमागे आमची खोली आणि तिची खोली, मध्ये कुडाची भिंत. खाला एकटी राहायची, कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि त्या टाचण्या बोलण्यात उतरायच्या. मी सातवी अर्धवट टाकून साताऱ्याकडून ट्रकवर बसून आलेला. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काय सातारकर, शाळेतून पळाला का घरातून?"

"दोन्हीकडून," मी म्हणालो.

"मंग बायकोपासून कवा पळतं, तेवढं सांगून ठेव."

बायको, जना, पुढे काही वर्षांनी मिळाली ती इथलीच. तिची जात आमच्या घरी उंबऱ्याबाहेरची. लग्नाचं कळल्यावर आबांनी, माझ्या वडिलांनी, घरात माझं नाव घ्यायचं बंद केलं. पण आई अंथरुणाला खिळली आणि नातवाचं तोंड दाखवा म्हणून तिने हट्ट धरला. गावाकडच्या एका ड्रायव्हरने थोरल्या भावाचा निरोप आणला : तुझा नि पोराचा फोटो धाड, आई फार दिवसांची नाही. जनाचं नाव निरोपात नव्हतं.

दिनू दीड वर्षाचा. आम्ही कोणी कधी फोटो काढलेला नव्हता. बसस्टँडजवळच्या फोटोवाल्याने बजावलं होतं, पोर हललं तर फोटो गेला. मी धास्तावलो. खाला म्हणाली, "पोरगं माह्याजवळ दे. कसं बसत नाही पाहू."

फोटोवाला काळ्या कापडात शिरला की पोरं भितात, म्हणून तिने चहाचा रिकामा खोका स्टुलावर ठेवला, आपला काळा बुरखा त्यावर ओढला आणि स्वतः आत शिरली. समोर जना, तिच्या मांडीवर दिनू. "बेटी, दोन्ही हात त्याच्या पोटावर. बोटं गुतव. आन्खी घट्ट." दिनू स्थिर बसला की बुरख्यातून गुळाचा खडा बाहेर यायचा. हलला की त्याच हाताची चापट.

इथवर मी सोसलं. पण संध्याकाळी मी घरी आलो की दिनू माझ्याकडे झेपावायचा, आणि खाला त्याच्या हातावर सटकन मारायची. "बापाकडं नाही जायचं!" रोज. हात लाल व्हायचा. जना तोंडात पदर कोंबून रडायची. थोड्याच दिवसांत माझं पोर मला पाहून आईच्या कुशीत तोंड लपवू लागलं.

मी ओरडलो, "खाला, हा कसला खेळ? तो माझ्या मांडीवर हवाय फोटोत. आबा पाघळले तर त्यानेच!"

"अन् हे?" तिने टाचणीने जनाकडे दाखवलं.

"ती उभी राहील. कडेला."

"कडेले!" खाला हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "कैंची कडेनंच चालते, सातारकर."

मला काही कळलं नाही.

फोटोच्या दिवशी फोटोवाल्याने मला खुर्चीवर बसवलं, दिनूला माझ्या मांडीवर ठेवलं. दिनूने टाहो फोडला. "पोरगं याचंच हाय ना बाई?" फोटोवाल्याने जनाला विचारलं. दारातले लोक हसले. जनाने मान खाली घातली ती वर केली नाही. शेवटी वैतागून त्याने तिलाच खुर्चीवर बसवलं. तिचे हात दिनूच्या पोटावर गुंफलेले, मी मागे नोकरासारखा उभा. काळं कापड दिसताच दिनू गुळाच्या आशेने दगडासारखा बसला.

फोटो ड्रायव्हरबरोबर गेला. काही महिन्यांनी आई गेल्याचा निरोप आला. मी एकटाच गावी गेलो. मला पाहताच आबा उठून बाहेर गेले. आईच्या रिकाम्या अंथरुणाशेजारी भिंतीला फोटो टाचलेला होता. जनाच्या चेहऱ्यावर शाई फासलेली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आणि कडेपासून कात्रीचा एक काप, तिच्या कोपराशी येऊन थांबलेला.

आत्या हळूच म्हणाली, "तुझ्या बानं तिला कापायला घेतली हुती. तुझी आई वराडली, हात कापशीला तर पोराचं प्वाट कापंल. मग शाई लावली." जरा थांबून म्हणाली, "त्या हातांवरनंच बोट फिरवायची बघ शेवटपतुर. म्हनायची, घट धरलंय पोराला."

परत येऊन खालाला सांगितलं. तिने मशीनच्या खणातून फोटोची एक पट्टी काढली. तरुण खाला, आणि तिच्या खांद्याशी सरळ कापलेली कड. नवऱ्याने दुसरी बायको केली तेव्हा एवढी पट्टी तिच्या माहेरी पाठवून दिली होती.

"पोरगं त्याच्या मांडीवर व्हतं," ती म्हणाली. "मी कडेले उभी. दोघं तिकडंच राह्यले." मग टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या. "रडू नको भोंग्या. शाईनं कोनी मरत नाही."

दिनू आता माझ्याकडे येतो, पण आधी हात मागे घेतो, मग येतो.

खालाचा दुसरा फोटो नाही. "माह्या थोबाडाचा कायले काढतं?" म्हणते. पण एक दिवस मी तिला त्याच फोटोवाल्याकडे नेणार आहे. खुर्चीवर मधोमध खाला, तिच्या मांडीवर दिनू, तिचे हात त्याच्या पोटावर. कडेला उभा राहायला मी आहे.