तिने न प्यालेले पाणी

एक गोष्ट मी नोकरी संपेपर्यंत झाकून ठेवली. खाप्याकडच्या एका गावातील शेतकरी बाई कारखान्याच्या सांडपाण्याने विहीर नासल्याची तक्रार घेऊन मी ठाणेदार असलेल्या पोलीस ठाण्यात आल्या होत्या. ती मी नोंदवलीच नाही. त्या कारखान्याने सीएसआर, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून आमच्या ठाण्याला पाणी शुद्ध आणि थंड करणारे यंत्र दिले होते. दबाव कुणाचाही नव्हता. मिंधेपण माझेच होते.

पुढे त्याच कारखान्याचे व्यवस्थापक फिर्याद घेऊन आले. कारखान्याने गावाला भेट म्हणून दिलेले तसलेच यंत्र कुणीतरी फोडले होते. ही फिर्याद मात्र मी तत्काळ नोंदवली. खबऱ्याने नाव कळवले, ते त्याच बाईंचे.

चौकशीत महिला शिपायाने विचारले, "काहून फोडलं वं, काकू? फुकटचं तर होतं."

"फुकटचं? माही विहीर नासवली त्याईनं!"

मी पाण्याचा पेला पुढे केला. बाईंची नजर कोपऱ्यातील यंत्रावरच्या कारखान्याच्या नावावर गेली. पेला त्यांनी परत सरकवला.

"तुमच्याकडंही हेच हाय, साहेब? मंग माही तक्रार कुठं मुरली, समजलं मले."

समोर बसलेले व्यवस्थापक म्हणाले, "बाई, माफी मागा. फिर्याद मागे घेतो."

"त्या विहिरीचं घोटभर पाणी पिऊन दाखव गा. मंग मांगीन माफी."

व्यवस्थापक खाली पाहू लागले. निर्दोष माणूस अशा वेळी चिडतो, हे मी अनेक चौकशांत पाहिले होते. त्याच दुपारी पंचांसमक्ष विहिरीच्या पाण्याचे नमुने सील केले. विहिरीलगतच्या नाल्याकाठी झुडपांत कारखान्याचा छुपा पाइप सापडला. कारखान्यावर गुन्हा नोंदवला आणि ठाण्यातील यंत्र परत पाठवले.

व्यवस्थापकांचा फोन आला. "आम्ही समाजासाठी एवढं करतो, साहेब!"

"आधी पाइप बंद करा. समाजाचं नंतर पाहू."

धंद्याची नीती सांडपाण्याच्या तोंडाशी तपासावी, उद्घाटनाच्या फितीपाशी नव्हे. विहीर नासवून दिलेले यंत्र ही समाजसेवा नसते. ती तोंड बंद ठेवण्याची किंमत असते. माझे तोंड तर थंड पाण्यावरच बंद झाले होते.

यंत्र फोडल्याचा खटला बाईंवर उभा राहिलाच. साक्षीला गेलो, तेव्हा मी निवृत्त होतो. सरकारी वकिलांनी विचारले, "बाईंनी आधी रीतसर तक्रार का केली नाही?"

"केली होती. मी नोंदवली नाही."

विचारले तेवढेच बोला, असे न्यायाधीशांनी बजावले. तरीही मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मला माफ करा."