खांबाच्या जागी वस्ताद

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी तेलाची गिरणी होती. तिच्या जागेवर मॉल होणार आणि त्यासाठी गल्लीचा रस्ता रुंद करणार, असे कळले तेव्हा रहिवाशांची बैठक तालमीत भरली. एक तरुण अभियंता नकाशा घेऊन आले होते. कुणाच्या पायऱ्या जाणार होत्या, कुणाचे तुळशीवृंदावन. सर्वांचे बोलून झाल्यावर आमचे गवळीमामा उठले.

"पावणं, ह्या नकाशात माझी म्हस कुठं हाय?"

"जनावरं नकाशात दाखवत नाहीत, काका."

"मग खांब तरी दावा. लायटीचा खांब ऱ्हाणार का जाणार?"

"तो निघणार."

मामा मटकन खाली बसले.

येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कोल्हापुरात संध्याकाळी म्हैस रस्त्यावर गिऱ्हाइकांपुढे आणतात. धार त्यांच्या समोर पेल्यात काढतात, घरी न्यायचे दूध चरवीत, आणि फेस विरण्याआधी पेला रिकामा होतो. मामांच्या म्हशीची सकाळची धार गोठ्यात निघे; परंतु ज्या धारेवर त्यांचे घर चाले, ती संध्याकाळची धार माझ्या फाटकासमोरच्या खांबाशी निघे. दूध कासेत तयार असले, तरी ते सोडायचे की नाही, हा निर्णय म्हशीचा असतो. ती सोडते तेव्हा तिने पान्हा सोडला असे आपण म्हणतो. संध्याकाळी या म्हशीची डावी कूस खांबाला टेकली नाही, तर ती पान्हा चोरत असे. आणि वारंवार पान्हा चोरणारी म्हैस लवकर आटते.

"खांब गेला की म्हस आटली, बाई," मामा मला म्हणाले. "आणि म्हस आटली की ह्या गल्लीत माझं काय काम ऱ्हायलं?"

मी शाळेत भूगोल शिकवला आहे. अवघड धडा लहान तुकड्यांत शिकवावा, असे माझे मत आहे. रस्ता येण्याआधीच म्हशीला नवी जागा शिकवावी, रोज थोडे थोडे सरकवावे, असे मी सुचवले. जागाही मीच दिली: माझ्या फाटकाच्या आत, जेथे माझी स्कूटर उभी असे.

म्हैस सरकायला तयार होती, पण खांबाशिवाय नव्हे. आम्ही बांबू रोवला. तो तिने पाडला. केळीचा खुंट उभा केला; तो तिने खाल्ला. तेव्हा मामांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, तालमीचे थकलेले वस्ताद, पेला खाली ठेवून तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. म्हैस टेकली. वस्ताद हलले नाहीत. चरवीत धार वाजू लागली.

"खांबापरास बरं हाय की ह्ये!" मामा ओरडले.

"खांबाला दूध पाजावं लागत न्हाय," वस्ताद म्हणाले. "मला लागतंय."

अशा रीतीने, रोज वीतभर सरकत, म्हैस आणि वस्ताद माझ्या फाटकाच्या आत आले. पुढे अभियंता मोजमापाला आले, तेव्हा त्यांची टेप वस्तादांच्या पोटाशी अडली.

"आजोबा, जरा बाजूला होता का?"

"मी खांब हाय. धार झाली की हलतो."

अभियंत्यांनी माझ्याकडे पाहिले. पान्ह्याविषयी वर लिहिले आहे, तेवढेच मी त्यांना सांगितले. त्यांनी टेप गुंडाळून वही उघडली.

"मग हा खांब कुणाच्या अखत्यारीत येतो?"

"माझ्या," मामा म्हणाले.

त्यानंतर रस्ता आला नाही, मॉलच्या जागेभोवती केवळ पत्रे उभे राहिले. आणि एके दिवशी वस्ताद नातीच्या मुलीच्या बारशाला जयसिंगपूरला गेले.

त्या संध्याकाळी गिऱ्हाइकांपैकी जो जो डाव्या अंगाला उभा राहिला, त्याला म्हशीने शेपटीने हाकलले. शेवटी आम्ही तिला बाहेर जुन्या खांबाकडे नेले. खांब होता तेथेच होता. तिने तो एकदा हुंगला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. लोक रिकामी भांडी घेऊन घरी गेले.

मामा चरवी पालथी घालून तिच्याजवळ बसले. "रस्ता अजून आला न्हाय, बाई, आणि आमची जागा मातर गेली."

मी जयसिंगपूरला फोन लावला. वस्ताद पंगतीत होते. "पोरीचं नाव तेवढं ऐकतो आणि निघतो," म्हणाले.

ते एसटीने आले तेव्हा दिवेलागण उलटून गेली होती. डोक्याला आहेराचा फेटा होता, अंगात पांढराशुभ्र सदरा होता. कुणाशी न बोलता ते फाटकातून आत गेले. म्हैस टेकली, सदरा मळला आणि धार वाजली. मामांनी पहिला पेला त्यांच्या हातात दिला.

"आज आलो," वस्ताद मिशीवरचा फेस पुसत म्हणाले. "पर त्या पोरीच्या लग्नापातूर काय मी टिकत न्हाय. दुसरा खांब तयार करा आता."

मामांनी माझ्याकडे पाहिले. धडा मीच लावून दिला होता, त्यामुळे विचारण्यासारखे काही उरले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून धारेच्या वेळी मी वस्तादांच्या पलीकडे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहू लागले. म्हैस अजून मान वळवून पाहते. मी रोज थोडी थोडी पुढे सरकते.