हॉट प्रेसमधली बादली

पाण्याचा पेला हातात दिला की ते आधी नाकाशी धरायचे. हुंगायचे, मगच प्यायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा हे पाहून बायकोचा चेहरा पडला. त्यांनी तो लगेच ओळखला. "राग मानू नका हं, डेअरीतली सवय. आधी भांडं, मग बाकीचं!"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं अर्धं जग नाकातून आत येतं. यांनी सांगलीकडच्या एका दूध डेअरीत उमेदीची सगळी वर्षं काढली होती. इथे आयर्लंडात, क्लेअर परगण्यातल्या एनिस गावच्या हॉस्पिटलात वहिनींना नर्सची नोकरी लागली आणि त्यांच्यामागोमाग पन्नाशीला टेकलेले हे गृहस्थ आमच्या गल्लीत येऊन दाखल झाले. वहिनी ड्यूटीवर, हे घरात. अर्ज जायचे, उत्तरं यायची नाहीत. एकदा मला म्हणाले, "उन्हाळ्यापर्यंत बघतो. नाहीतर मी आपला परत जातो. हिचं चांगलं चाललंय, हिनं राहावं." पाऊस थांबला का, असं विचारावं तितक्या सहज म्हणाले.

अशात त्यांना एका दुकानात घरी बिअर करायच्या माल्टचा डबा दिसला. प्यायचे जेमतेम अर्धा ग्लास, तोही लाजत. पण जन्मभर विरजणं सांभाळलेल्या माणसाला, बार्लीचा अर्क यीस्टच्या हवाली करायचा आणि वाट बघायची, ही गोष्टच फार आवडली. डबा घरी आला. भांडी मात्र नव्हती.

मग शनिवारी माझ्या गाडीतून आमची शोधमोहीम निघायला लागली. पबमध्ये जाऊन त्यांनी तपकिरी बाटल्या मागितल्या, रिकाम्या. भरलेल्या सोडून रिकाम्या मागणारं गिऱ्हाईक त्या बारवाल्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. बिअरची घनता मोजायची तरंगती काचनळी मिळाली तेव्हा तर ते हरखलेच. "अहो, ही आमच्या दूध तपासायच्या लॅक्टोमीटरची धाकटी बहीण!" सँडविचच्या दुकानातून झाकणाची मोठी पांढरी बादली मिळाली. उकळत्या पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, आणि तिची स्थापना हॉट प्रेसमध्ये झाली. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांतलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल सुकवायची ती हक्काची जागा.

"अहो, माझे टॉवेल कुठायत?" ड्यूटीवरून आलेल्या वहिनींनी विचारलं.

"हळू बोल. आत काम चाललंय."

बाटल्या तयार झाल्यावर त्यांनी आम्हा उभयतांना आणि पलीकडच्या घरातल्या आयरिश आजोबांना बोलावलं. ग्लास भरले. मी घोट घेतला आणि बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आजोबांनी शांतपणे अख्खा ग्लास संपवला, मिशा पुसल्या आणि विचारलं, "ग्रँड. पण यात काकडी आहे का?"

होती! म्हणजे बादलीत पूर्वी होती, व्हिनेगरमधली. प्लॅस्टिकने तिचा वास धरून ठेवला होता, आणि नेमकं त्या आठवड्यात सर्दीने यांचं नाक बंद होतं. त्यांचा चेहरा असा झाला की मी मान खाली घातली. तेवढ्यात आजोबांनी ग्लास पुढे केला. "अजून थोडी द्या. याहून वाईट मी पबात पैसे देऊन प्यायलोय."

आधी वहिनी हसत सुटल्या. मग हे. टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. निघताना दारात वहिनी मला हळूच म्हणाल्या, "इथं आल्यापासनं असे हसलेच नव्हते हो."

पुढच्या आठवड्यात आजोबा त्यांना आपल्या म्हाताऱ्या मंडळींच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे सुतारकाम चालतं, चहा चालतो आणि गप्पा तर अखंड. काकडीची हकिगत ऐकल्यावर एकेक जण कबुली देत गेला: तरुणपणी प्रत्येकाने घरी बिअर करून पाहिली होती आणि सामान माळ्यावर टाकून दिलं होतं. माळे उघडले. काचेचे बुधले, नळ्या, बुचं मारायचं यंत्र, सगळं धूळ झटकून यांच्याकडे चालत आलं. दुसरी बिअर खरोखर चांगली झाली. पण लोकांच्या लक्षात राहिली ती पहिलीच.

त्या शेडमधल्याच एकाची मुलगी समुद्राकडच्या बाजूला गाई पाळते, चीज करते. तिला मदतीला माणूस हवा होता, दुधातलं कळणारा. उन्हाळा आला तेव्हा सांगलीचं तिकीट निघालं नाही. गमबूट विकत घेतले गेले. वर्षभराने त्यांनी घरही तिकडेच घेतलं. वहिनी आता तिथून गाडीने हॉस्पिटलला येतात. बुधले आजोबांकडे आहेत, आणि आमची गल्ली जरा मुकी झाली आहे.

परवा सहज फोन केला. "बोला, बोला," म्हणाले, आणि लगेच, "थांबा हं, ही मध्येच उभी राहिलीये." फोन खिशात गेला तो तसाच चालू. वाऱ्याचा आवाज, चिखलात बुटांचा आवाज. मग लांबून त्यांचा स्वर आला, लाडाचा, खास सांगलीचा: "सरक की गं बाई. आं? ऐकू येत न्हाई व्हय? चल, चल, शहाणी माझी."

क्लेअरची गाय बहुधा सरकली. ते मला विसरून पुढच्या गाईशी बोलायला लागले. मी फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिलो.