पडद्यावरचे आबा

पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्या ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा कोडोलीतल्या निम्म्या बाप्यांनी दाढ्या वाढवल्या होत्या. माझे वडील, आमचे आबाही त्यात होते. आपण राजाच्या उजव्या हाताला भाला घेऊन उभे आहोत, असं त्यांनी आईला सांगितलं, आणि आईनं अख्ख्या गल्लीला. मग कोरोना आला, सिनेमा अडकला. दुसऱ्या लाटेत आबा गेले. दवाखान्यातून पिशवीत बांधून त्यांना परस्पर स्मशानात नेलं. आई घरात तापानं फणफणलेली. तिला त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्यानंतर तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितलंच नाही. पिच्चर कधी लागणार, एवढंच विचारायची.

म्हणून कोल्हापुरात खास खेळाचं बोलावणं आलं, तेव्हा मी रजा टाकून तिला घेऊन गेले. सिनेमावर शेवटचा हात फिरायचा होता. त्याआधी शूटिंगला आलेल्या माणसांना दाखवून चुका हुडकायच्या, असा पुण्याच्या दिग्दर्शकाचा बेत. त्यानं गाव बरोबर निवडलं होतं. इथला माणूस फुकट बघितलेल्या पिच्चरचीही पिसं काढतो.

दरबार भरला, राजा आला, आणि त्याच्या उजव्या हाताला भलताच कोणी उभा. आई अंधारात माझ्याकडे बघायला लागली. मला आबांचा रागच आला. गेलेल्या माणसावर रागावू नये हे कळतं, पण आला.

मध्यंतरानंतर लढाई संपली. राणी मशाल घेऊन रणातली प्रेतं बघत निघाली. उजेडात एक चेहरा आला. डोळे मिटलेले, कपाळावर खोटं रक्त. आबाच. त्यांना मढ्याचं काम मिळालं होतं! कुंकू लावणाऱ्या बायकोला हे सांगायचं कसं, म्हणून भाल्याची थाप मारली होती.

मी घाबरून आईचा हात धरला. ती पुढे वाकून बघत होती.

"पोट हलतंय की गं त्येंचं," ती म्हणाली.

खरंच हलत होतं. अंगरख्याखाली, सावकाश. आबा श्वास घेत होते. कित्येक दिवसांनी आईचा आवाज पहिल्यासारखा ऐकला, आणि मला रडू आवरेना.

दिवे लागल्यावर दिग्दर्शकानं चुका विचारल्या. पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस उठला. "पावणं, तुमचं मढं श्वास घेतंय की." सगळं थिएटर हसलं. आईनं मान खाली घातली. त्या माणसाच्या मुस्कटात द्यावी असं मला वाटलं, पण तो बोलला त्यात खोटं काय होतं?

लोक पांगल्यावर मी दिग्दर्शकाला गाठून सगळं सांगितलं आणि ते आहे तसं राहू द्या म्हणून विनवलं. माणूस सभ्य होता. म्हणाला की प्रसंग राणीच्या दुःखाचा आहे, तिथे लोक हसले तर सिनेमा बुडतो. एक तर तो चेहरा काढून टाकता येईल, नाहीतर कॉम्प्युटरवर पोटाची हालचाल थांबवता येईल. तुम्ही म्हणाल तसं करतो.

मी वळून बघितलं. आई शेजारीच उभी होती.

"तोंड ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोट थांबवा."

सिनेमा लागला तेव्हा पहिल्याच दिवशी आम्ही गेलो. राणी मशाल घेऊन आली. आबा पडलेले होते. काही हललं नाही, कोणी हसलं नाही. आईनं डोळ्याला पदर लावला नाही. ते दृश्य सरेपर्यंत बघितलं आणि चल म्हणाली. उरलेला सिनेमा आम्ही बघितला नाही. मिळेल ती एसटी धरून कोडोलीला परतलो.

घरी येऊन मी कुलूप काढलं. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"पाणी बाहीर आण," ती म्हणाली. "अंगोळ केल्याबिगर मी घरात येत न्हाय."